गाडी पेनसिल्व्हेनियात, पासिंग ओहायोचं

आपल्या मराठीत पासिंग हा एकच शब्द दोन कामं करतो. "कुठल्या पासिंगची गाडी आहे?" असं विचारलं की एमएच-१२ का एमएच-१४ ते सांगायचं असतं, आणि "टेम्पो पासिंगला गेलाय" म्हटलं की तो आरटीओच्या मैदानात ब्रेक, लाइट, हॉर्न दाखवत उभा असणार हे न सांगता कळतं. नोंदणी पण पासिंग, तपासणी पण पासिंग. अमेरिकेत ह्याला दोन शब्द आहेत, रजिस्ट्रेशन आणि इन्स्पेक्शन, पण दोघांची गाठ मात्र पक्की मारलेली आहे, आणि ती गाठ सोडवायचा एक जुगाड इथल्या देशी लोकांत (आणि गोऱ्यांतही, उगाच आपल्यालाच नावं कशाला ठेवायची) बराच चालतो. गेल्या महिन्यात तो आमच्या घरापर्यंत आला म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून टाकू.

भाचा इथे, पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गला, नवीन आहे. मास्टर्स इंडियानात झालं, नोकरी इथे लागली. आल्या आल्या ४,२०० डॉलरला २०११ची एक सेडान घेतली, चालायला झकास, आणि काचेवरचं इन्स्पेक्शनचं स्टिकर अजून चार महिने बाकी होतं. ते संपत आलं तसा गॅरेजमध्ये घेऊन गेला आणि दुपारी मला फोन. "मामा, अरे गाडी फेल केली त्यांनी." पुढचा उजवा बॉल जॉइंट (चाक धरून ठेवणारा सांधा) गेलाय, मागचे ब्रेक पॅड संपलेत, एक्झॉस्टच्या पाइपला गंज, वर चेक इंजिनचा दिवा पेटलेला. सगळं मिळून एस्टिमेट १,९०० डॉलर. म्हणजे जवळजवळ अर्धी गाडी. मी काही बोलायच्या आत त्याचं पुढचं वाक्य तयारच होतं, "दादा म्हणतोय कोलंबसला माझ्या पत्त्यावर करून घे रजिस्टर, ओहायोत इन्स्पेक्शनची भानगडच नाही."

दादा म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा, आणि तो खोटं बोलत नव्हता. ओहायोत प्रायव्हेट गाडीला दरवर्षीची सेफ्टी तपासणी नाही. धुराची टेस्ट आहे, तिला ई-चेक म्हणतात, पण ती फक्त क्लीव्हलँड-ॲक्रनच्या बाजूच्या ७ काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा), कोलंबसला तीही नाही. भाच्याने इंडियानात दोन वर्षं काढली तिथेही असलं काही बघितलं नव्हतं कारण तिथे शिकागोला लागून असलेल्या लेक आणि पोर्टर ह्या दोनच काउंटीत धूर तपासतात. आणि त्याच्या आधी पुण्यात, तर आपल्याकडे प्रायव्हेट गाडीला पहिली १५ वर्षं पीयूसी सोडून कोणी हात लावत नाही, १५ वर्षांनी रिन्यूअलला आरटीओत न्यायची, मग दर पाच वर्षांनी. त्यामुळे बिचाऱ्याला वाटलं पेनसिल्व्हेनियावाले एकटेच वेडे आहेत.

तर आधी हे वेड नक्की काय आहे ते सांगतो. पेनसिल्व्हेनियात दरवर्षी सेफ्टी इन्स्पेक्शन, राज्यातल्या ६७च्या ६७ काउंटीत. त्याशिवाय २५ काउंटीत एमिशन म्हणजे धुराची टेस्ट, त्यात पिट्सबर्गच्या आसपासच्या ॲलेगेनी, बीव्हर, वॉशिंग्टन, वेस्टमोरलँड आल्या आणि तिकडे फिलाडेल्फियाच्या भोवतालच्या पाच. तपासणी सरकारी ठिकाणी होत नाही, राज्याने परवाना दिलेल्या खासगी गॅरेजमध्ये होते. मेकॅनिक गाडी लिफ्टवर घेतो, पुढचं एक आणि मागचं एक चाक काढून ब्रेक बघतो, टायरची नक्षी किमान २/३२ इंच खोल हवी (एक सेंटचं नाणं उलटं करून खाचेत घालायचं, लिंकनचं अख्खं डोकं दिसलं तर टायर गेला), मग स्टिअरिंगचा खेळ, बॉल जॉइंट, वायपर, हॉर्न, सगळे दिवे, काच, एक्झॉस्ट. गाडीच्या तळाला गंजून भोक पडलं असेल आणि त्यातून धूर आत येऊ शकत असेल तरी फेल. मुंबई-पुण्याच्या माणसाला हे अति वाटेल पण इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ ओततात, दहा-बारा वर्षांची गाडी खालून बघितली की पापडासारखी झालेली असते, मी स्वतः बघितलंय, स्क्रूड्रायव्हर टोचला की आरपार.

धुराच्या टेस्टमध्ये आता सायलेन्सरला नळी लावणं वगैरे फारसं राहिलेलं नाही. १९९६ आणि त्यानंतरच्या गाड्यांना डॅशबोर्डखाली एक सॉकेट असतं, त्यात स्कॅनर खुपसतात आणि गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच चहाडी करतो. चेक इंजिनचा दिवा पेटलेला असेल तर तिथेच संपलं.

आता एवढं सगळं एका राज्यात आणि शेजारच्या राज्यात काहीच नाही, हे कसं काय? कारण सेफ्टी तपासणी हा इथे पूर्णपणे राज्याचा विषय आहे. १९६६च्या हायवे सेफ्टी कायद्यानंतर केंद्राने राज्यांवर जोर लावला होता, निधी अडवायची धमकी होती, त्यामुळे सत्तरच्या दशकात तीसेक राज्यांत तपासणी होती. १९७६मध्ये काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, ते दात काढून घेतले आणि मग एकेक राज्य गळायला लागलं. फ्लोरिडाने सेफ्टी तपासणी १९८१मध्ये बंद केली आणि धुराची २०००मध्ये. न्यू जर्सीने प्रायव्हेट गाड्यांची मेकॅनिकल तपासणी ऑगस्ट २०१०पासून बंद केली, आता तिथे फक्त धूर, तोही दोन वर्षांतून एकदा. टेक्सासने १ जानेवारी २०२५पासून प्रायव्हेट गाड्यांची सेफ्टी तपासणी काढून टाकली, पण तपासणीच्या नावाने घ्यायचे ते साडेसात डॉलर रजिस्ट्रेशनमध्ये चालूच ठेवले, नाव फक्त बदललं, तपासणीच्या बदल्यातली फी! न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया ही मंडळी मात्र अजून दरवर्षी गाडी लिफ्टवर चढवतातच.

धुराची गोष्ट वेगळी. तिथे क्लीन एअर ॲक्ट आहे, १९९०च्या दुरुस्तीनंतर ज्या भागाची हवा ठराविक पातळीपेक्षा खराब त्या भागात गाड्यांची टेस्ट घ्यावीच लागते, म्हणून ती यादी बऱ्याच ठिकाणी राज्याप्रमाणे नसते, काउंटीप्रमाणे असते. टेक्सासने सेफ्टी काढली तरी ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनच्या बाजूच्या काउंट्यांत धूर दाखवावाच लागतो तो ह्यामुळे. आणि म्हणूनच एकाच राज्यात राहून शेजारच्या काउंटीतल्या सासऱ्यांचा पत्ता देणारे पण आहेत, म्हणजे बघा, राज्य सुद्धा ओलांडायची गरज नाही.

आता मुख्य गोष्ट, जी भाच्याला समजवायला मला अर्धा तास लागला. तपासणी रस्त्याला चिकटलेली नाहीये, नंबर प्लेटला चिकटलेली आहे. पिट्सबर्गच्या एकाच सिग्नलला दोन गाड्या उभ्या आहेत, दोघींचे ब्रेक सारखेच खराब. पेनसिल्व्हेनियाची प्लेट असलेलीच्या काचेवर चालू स्टिकर नसेल तर पोलीस थांबवतो. ओहायोची प्लेट असलेलीच्या काचेवर स्टिकर नसणारच, तिला कोणी त्यासाठी विचारत नाही, कारण राज्यांनी एकमेकांचं रजिस्ट्रेशन मानायचं ठरवलेलं आहे, नाहीतर कोलंबसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्याला वाटेत प्रत्येक सीमेवर गाडी लिफ्टवर चढवावी लागली असती. ही सवलत पाहुण्यांसाठी आहे. जुगाड एवढाच की आपण इथेच राहायचं आणि गाडीला पाहुणी म्हणून दाखवायचं.

आणि पाहुणा किती दिवस पाहुणा, ह्याचं उत्तर प्रत्येक राज्याने कायद्यात लिहून ठेवलंय. पेनसिल्व्हेनियात राहायला आलात की २० दिवसांत गाडी इथे रजिस्टर करायची, लायसन्स ६० दिवसांत. कॅलिफोर्नियात २० दिवस, टेक्सासात ३०. रहिवासी कोण, तर ज्याचं घर इथे, नोकरी इथे, पगारातून टॅक्स इथे कापला जातो तो. भाच्याचं लीज पिट्सबर्गचं, पगाराच्या स्लिपवर पेनसिल्व्हेनियाचा टॅक्स, ऑफिसची पार्किंगची पावती इथली, तो कुठल्याही हिशोबाने कोलंबसचा नाही. म्हणजे ओहायोच्या फॉर्मवर कोलंबसचा पत्ता माझाच आहे म्हणून सही करायची तर ती सरळ खोटी सही आहे, आणि सरकारी फॉर्मवरची खोटी सही हा गुन्हा आहे, ओहायोतही आणि इथेही.

आपल्या लोकांसाठी ह्यात आणखी एक मेख आहे जी गोऱ्यांना नाही. नागरिक नसलेल्या माणसाने घर बदललं की १० दिवसांत इमिग्रेशनला नवीन पत्ता कळवायचा असतो, तो एआर-११ फॉर्म. भाच्याने तो पिट्सबर्गचा भरलेला. म्हणजे एका सरकारी खात्यात साहेब पिट्सबर्गला राहतात आणि दुसऱ्या सरकारी खात्यात कोलंबसला. रोज कोणी हे जुळवून बघत बसतं असं मी म्हणत नाही. पण ज्याची सगळी उमेद एच-वन आणि पुढे ग्रीन कार्डवर लागलीय त्याने १,९०० डॉलरसाठी स्वतःच्या हाताने विसंगती कागदावर कशाला तयार करायची?

"पण मामा, पकडतं कोण?" खरं सांगू, पोलीस क्वचितच. देवळाच्या पार्किंगमध्ये शनिवारी-रविवारी निम्म्या गाड्या ओहायो नाहीतर वेस्ट व्हर्जिनियाच्या असतात, त्या खरंच तिकडून आलेल्या असतात, त्यात एखादी खोटी कोण शोधणार? कॅलिफोर्नियात हायवे पोलिसांनी ह्यासाठी खास मोहीमच काढलीय, शेजाऱ्याच्या दारात महिनोन् महिने परराज्याच्या प्लेटची गाडी दिसली तर लोकांनी कळवायचं, आणि तिचं नावच त्यांनी आद्याक्षरं जुळवून चीटर्स असं ठेवलंय. पण बाकी ठिकाणी प्लेटवरून सापडायची भीती कमीच.

सापडतं ते इन्शुरन्समध्ये. आणि ते सापडतं तेव्हा एकदम वाईट वेळ असते.

इन्शुरन्स घेताना कंपनी विचारते गाडी रात्री कुठे उभी असते. ह्याला गॅरेजिंग ॲड्रेस म्हणतात, आणि प्रीमियम त्या पिन कोडवर ठरतो, म्हणजे तिथे चोऱ्या किती, ठोकाठोकी किती. ओहायोचं रजिस्ट्रेशन हवं तर पॉलिसी ओहायोची लागते, पॉलिसी ओहायोची हवी तर गाडी कोलंबसला उभी असते असं सांगावं लागतं. झालं, दुसरं खोटं. वर्ष-दोन वर्षं काही होत नाही, हप्ते भरले जातात, सगळे खूश. मग एके दिवशी पावसात घसरून गाडी ठोकली. क्लेम टाकला की कंपनीचा ॲडजस्टर फोन करतो, अगदी गोड बोलतो, कुठून कुठे चालला होतात, ऑफिस कुठे, घर कुठे, गाडी शेवटची सर्व्हिस कुठे केली. तुम्ही धक्क्यात असता, भडाभडा खरं सांगून टाकता. पोलीस रिपोर्टवर लायसन्सचा पत्ता असतो, टोइंगची पावती पिट्सबर्गची असते. आता त्याला एवढंच लिहायचं असतं की माहिती खोटी दिली होती, आणि तेवढ्यावर कंपनी तुमच्या गाडीचा क्लेम नाकारू शकते, पॉलिसी रद्द करू शकते. आणि एकदा खोट्या माहितीमुळे पॉलिसी रद्द झाली की पुढची कंपनी तुम्हाला कसल्या नजरेने बघेल ते सांगायला नको.

शिवाय दोन्हीकडची पॉलिसीच वेगळी असते हे लोकांच्या लक्षात येत नाही. पेनसिल्व्हेनियात तुमच्या पॉलिसीत तुमच्या स्वतःच्या दवाखान्याच्या खर्चासाठी किमान ५,००० डॉलर असावेच लागतात, चूक कोणाचीही असो, आणि घेताना फुल टॉर्ट का लिमिटेड टॉर्ट ते निवडावं लागतं, म्हणजे नंतर त्रासाबद्दल भरपाई मागायचा हक्क पूर्ण ठेवायचा का थोडा सोडून प्रीमियम वाचवायचा. ओहायोत हे असलं काही नाही, तिथे चूक ज्याची त्याने भरायचं. तुम्ही राहता एका पद्धतीत आणि कागद दुसऱ्या पद्धतीचा.

काही हुशार मंडळी म्हणतात आम्ही इन्शुरन्सला खरा पत्ता देतो, रजिस्ट्रेशन फक्त तिकडे. करून बघा. गाडीचं रजिस्ट्रेशन एका राज्यात आणि मुक्काम कायमचा दुसऱ्या राज्यात म्हटलं की बहुतेक कंपन्या आधी विचारतात 'का?', आणि ह्या 'का'ला प्रामाणिक उत्तर नसतं.

उलटा प्रवाहही आहे, ही गंमत मला फार आवडते. न्यूयॉर्क शहरात इन्शुरन्स इतका महाग आहे की क्वीन्स, ब्रुकलिनमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या प्लेट लावून फिरणारे भरपूर. म्हणजे आमचे लोक तपासणी नको म्हणून ओहायोला पळतात आणि न्यूयॉर्कवाले स्वस्त इन्शुरन्ससाठी आमच्याकडे पळून येतात.

मोठ्या पैशाचा जुगाड मोंटानाला चालतो. तिथे सेल्स टॅक्स नाही, तपासणी नाही, आणि तिथे एक कागदी कंपनी काढून गाडी त्या कंपनीच्या नावावर घेता येते. लाख-दोन लाख डॉलरच्या स्पोर्ट्स कार आणि आरव्ही म्हणजे चाकांवरची घरं, मालक कॅलिफोर्नियात, गाडी कॅलिफोर्नियात, प्लेट मोंटानाची. आपल्याकडे पुद्दुचेरीच्या नंबरच्या महागड्या गाड्या केरळात सापडल्या होत्या ना, तेच. व्हरमाँटची पण एक पळवाट होती, १५ वर्षांपेक्षा जुनी गाडी कुठल्याही राज्यातल्या माणसाने पोस्टाने रजिस्टर करायची, पण २०२३मध्ये त्यांनी ती बुजवली, आता बाहेरच्यांना तसं करता येत नाही. असल्या पळवाटांवर विसंबून गाडी घेऊ नका, त्या कधी बंद होतील सांगता येत नाही.

आता एक बारीक मुद्दा, जो मला स्वतःला सगळ्यात जास्त टोचतो. गाडीत कंपनीचा दोष निघाला की रिकॉलचं पत्र रजिस्ट्रेशनच्या पत्त्यावर जातं. टाकाटाच्या एअरबॅग आठवत असतील, फुगताना धातूचे तुकडे उडायचे, एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारा भाग) परत बोलावले. ते पत्र कोलंबसला दादाच्या घरी जाणार, दादा ते पिझ्झाच्या कुपनांबरोबर कचऱ्यात टाकणार. टोलचं पण तसंच, ट्रान्सपॉन्डर (आपल्या फास्टॅगसारखा) नसेल तर टर्नपाइकवाले, म्हणजे टोलच्या हायवेवाले, प्लेटचा फोटो काढतात आणि बिल घरी पाठवतात. बिल दादाकडे, दंड चढतोय, भाच्याला पत्ताच नाही. आणि गाडी लोनवर असेल तर टायटल, म्हणजे मालकीचा कागद, बँकेकडे असतं, तिलाही मग खोटा पत्ता द्यावा लागतो. एक खोटं टिकवायला आणखी चार लागतात.

खऱ्या सवलती कुठल्या तेही सांगतो, कारण सगळेच परराज्याच्या प्लेटवाले चोर नसतात. लष्करातल्या माणसाला बदलीच्या गावी गाडी पुन्हा रजिस्टर करायची सक्ती नाही, केंद्राचा कायदाच आहे तसा. मुलगी ओहायोची आणि इथे कॉलेजला आलीय, घर अजून आईबापांचंच, तर ओहायोची प्लेट साधारणपणे चालते, फक्त इन्शुरन्सला सांगायचं की गाडी होस्टेलपाशी असते. हिवाळा फ्लोरिडात आणि उन्हाळा इकडे घालवणारे म्हातारे आहेत, दोन्हीकडे खरी घरं, त्यांनाही मोकळीक आहे पण कुठे किती महिने राहतात ते खरं सांगावं लागतं. आणि कन्सल्टिंगवाल्या आपल्या लोकांना उपयोगाचं, गाडी पेनसिल्व्हेनियाची आहे आणि तुम्ही प्रोजेक्टसाठी काही महिने दुसऱ्या राज्यात आहात, तिकडे असताना स्टिकर संपलं, तर त्यासाठी आठ तास गाडी चालवत यायची गरज नाही, परत आल्यावर १० दिवसांत तपासून घ्यायची. पण प्रोजेक्ट लांबत लांबत तिकडेच संसार थाटला, तर तुम्ही तिकडचे झालात, मग तिकडची प्लेट.

मग ही तपासणी खरंच कामाची आहे का? अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासनीस खात्याने, म्हणजे जीएओने, २०१५मध्ये ह्यावर अहवाल दिला होता. त्यात गाडीचा भाग निकामी होणं हे २ ते ७ टक्के अपघातांमागचं एक कारण असल्याचं होतं, पण तपासणीमुळे अपघात कमी होतात का ह्याचं ठाम उत्तर त्यांनाही अभ्यासांतून मिळालं नाही. न्यू जर्सीने बंद करताना हेच कारण पुढे केलं होतं. त्यामुळे तपासणी बंद करा म्हणणारे सगळेच बेजबाबदार आहेत असं मी अजिबात म्हणणार नाही. आणि पेनसिल्व्हेनियाच्या पद्धतीत एक उघड खोट आहेच, जो तपासतो तोच दुरुस्तीचं बिल लावतो. माझ्याच गाडीला एका ठिकाणी चार रोटर (ब्रेकच्या चकत्या) सांगितले होते, दुसऱ्या ठिकाणच्या माणसाने चाक काढून दाखवलं, अजून दोन वर्षं जातील म्हणाला, आणि गेली. चिडायला कारण आहे. पण बॉल जॉइंट तुटला की चाक आडवं होतं, साठच्या स्पीडला, आणि त्या वेळी प्लेट ओहायोची आहे का कुठली ह्याने त्या चाकाला फरक पडत नाही. भाच्याच्या यादीत मला तोच एक शब्द आवडला नव्हता.

म्हणून त्याला म्हटलं कोलंबस राहू दे, आधी यादी सुटी करू. पहिली गोष्ट, फेल झालं म्हणून जुनं स्टिकर लगेच मरत नाही, त्यावरचा महिना संपेपर्यंत ते चालू असतं. आणि मुदतीच्या ९० दिवस आधीपासून तपासणी करता येते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात जाऊन गॅरेजवाल्याच्या हातात मान द्यायची गरजच नसते. दुसरी, फेल केलेल्याच गॅरेजमध्ये दुरुस्ती केली पाहिजे असं काही नाही, कागद घेऊन कुठेही जा. तपासणीची फी पण राज्य ठरवत नाही, कुठे ५० डॉलर, कुठे शंभरच्या घरात, फोन करून विचारायचं.

दुसरा मेकॅनिक आमच्या ओळखीतला, व्हिएतनामी म्हातारा, बोलतो कमी. त्याने गाडी वर घेतली, उजवं चाक वरखाली हलवलं, टक् टक् आवाज आला, माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. बॉल जॉइंट खरंच गेलेला. ब्रेक पॅड पण खरंच २/३२च्या खाली. चेक इंजिनचा कोड होता पी-०४२०, म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाहीये, आणि पहिल्या गॅरेजने १,९००पैकी १,१०० त्या कन्व्हर्टरचेच लावले होते. म्हाताऱ्याने इंजिन चालू ठेवून पाइपच्या जोडापाशी हात नेला, मला पण न्यायला लावला. फ्लँज (जोडाची कडी) गंजून गॅस्केटमधून (जोडातल्या चकतीतून) फुर्र फुर्र हवा येत होती. सेन्सरच्या जवळच गळती, बाहेरची हवा आत ओढली जातेय, सेन्सर चुकीचं वाचतोय आणि नाव कन्व्हर्टरचं येतंय. म्हणाला आधी हे करू, मग बघू. प्रत्येक पी-०४२०चं असं निघत नाही, कधी कन्व्हर्टर खरंच मेलेला असतो, पण आधी गळती बघायला पैसे लागत नाहीत. बॉल जॉइंट, पॅड, फ्लँज आणि गॅस्केट मिळून ६४० झाले.

इथे भाच्याने एक आगाऊपणा केला. रीलमध्ये बघून त्याने बॅटरीची वायर काढून परत लावली, म्हणजे कोड पुसला जाईल आणि लगेच टेस्ट देता येईल. दिवा गेला खरा. पण त्याबरोबर कॉम्प्युटरच्या आतल्या सगळ्या तपासण्या, ज्यांना मॉनिटर म्हणतात, त्या पण कोऱ्या झाल्या, आणि स्कॅनर खुपसल्यावर गाडी म्हणते मी अजून तयारच नाही. २००१ आणि पुढच्या गाडीला एकच मॉनिटर अपूर्ण चालतो, त्याचे चार अपूर्ण होते. मग काय, रात्रभर थंड झालेली गाडी सकाळी चालू करायची, थोडं गावात, थोडं हायवेला एकसारख्या स्पीडने, असं पाच दिवस. तो रोज ऑफिसला लांबच्या रस्त्याने जात होता. सहाव्या दिवशी पास. धुराची फेरतपासणी त्याच ठिकाणी ३० दिवसांत एकदा फुकट असते, पण तो दुसऱ्या गॅरेजला गेल्यामुळे ती फी पुन्हा भरली, ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. आणि ज्यांची गाडी वर्षाला ५,००० मैलांपेक्षा कमी चालते आणि किमान एक वर्ष त्यांच्याकडे आहे त्यांना पेनसिल्व्हेनियात धुराची टेस्ट माफ असते, सेफ्टीची नाही, घरून काम करणाऱ्यांनी हे जरूर विचारावं.

आणि ज्यांनी आधीच दादाच्या पत्त्यावर गाडी टाकलीय आणि आता परत आणायचीय, त्यांनी क्रम उलटा करू नका. आधी इन्शुरन्स पेनसिल्व्हेनियाचा, खऱ्या पत्त्यावर, कारण तो दाखवल्याशिवाय पुढचं काही होत नाही. मग ओहायोचं टायटल घेऊन जवळच्या टॅग-टायटलच्या दुकानात जा, इथे हे काम आरटीओसारख्या ऑफिसात न होता नोटरीच्या टेबलावर होतं. टायटल-रजिस्ट्रेशनसाठी एमव्ही-१ फॉर्म भरायचा, ओहायोत सेल्स टॅक्स भरल्याची पावती ठेवली असेल तर तेवढा इथे वजा होतो, आणि गाडीचा व्हीआयएन, म्हणजे चासी नंबर, पडताळायला काचेखालच्या पट्टीवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची, लहानपणी नाण्यावर घासायचो तशी, की १७ अक्षरं उमटतात, नाहीतर फोटो न्या. तिथेच प्लेट मिळते, आणि मग १० दिवसांत गाडी लिफ्टवर.